वाटून घेतलेली भीती

१० मार्च २०२० ला सकाळच्या प्रार्थनेनंतर मी शाळेतल्या मुलींना सावित्रीबाईंची गोष्ट सांगितली. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चलाच त्या गेल्या. मुली गप्प बसून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. तो अमेरिकेहून परतला होता. पुढच्या काही दिवसांतच शाळा बंद झाल्या, आणि १० मार्चला जे मोठ्या तोंडाने सांगितलं होतं तेच आता करायचं नाही, असं सरकार, डॉक्टर आणि आमचे बिशप सगळेच सांगू लागले. रोग्याला हात लावू नका. जवळ जाऊ नका. घरात बसा.

मी मूळची वसईची. बरीच वर्षं नागपुरात सदरला राहते आणि शाळेत मराठी शिकवते. सदर म्हणजे इंग्रजांच्या काळातला छावणीचा बाजार. इकडे रेसिडेन्सी रोडची दुकानं, तिकडे मंगळवारी बाजार, पलीकडे गड्डीगोदाम, छावणी, मोहननगर. चर्चची घंटा आणि मशिदीची अजान एकाच खिडकीतून ऐकू येते. आमचं घर लहान, आम्ही आठ जणी. तिघी झारखंडच्या, दोघी केरळच्या, एक मंगळूरची, एक गोव्याची आणि मी. आपसात बोलायचं ते नागपुरी वळणाच्या हिंदीत. वयं पस्तिशीपासून चौऱ्याऐंशीपर्यंत.

लॉकडाउन लागल्यावर वसईहून आईचा फोन आला. "तुम्हा सिस्टर लोकांना काय, सवयच आहे बंद दाराची." ती सहज बोलून गेली, पण हे वाक्य मला पुढे बऱ्याच जणांनी ऐकवलं. त्याचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागतं.

सदरचं आमचं कॅथेड्रल सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचं आहे. या संताने १६१० मध्ये जान द शांताल यांच्याबरोबर आजच्या फ्रान्समधल्या आनसी गावात एक भगिनी संघ काढला. त्या बायकांनी गावात फिरावं, आजाऱ्यांना घरी जाऊन भेटावं, अशी कल्पना होती. लियोंच्या आर्चबिशपना ते पटलं नाही. व्रतस्थ बाई म्हणजे भिंतीआड, हा तेव्हाचा दंडक. काही वर्षांतच त्या भगिनी मठात बंदिस्त झाल्या. पण कल्पना मेली नाही. १६५० मध्ये फ्रान्समधल्याच ल पुई गावात येशूसंघी फादर मेदाय यांच्या प्रेरणेने सेंट जोसेफच्या सिस्टर्सचा संघ उभा राहिला. या भगिनी भिंतीआड गेल्या नाहीत. गावाचे भाग पाडून, कुठे काय कमी आहे ते बघत त्या फिरल्या. याच परंपरेतल्या आनसीच्या सिस्टर्स १८४९ मध्ये भारतात यानमला उतरल्या. त्याआधी तीन वर्षं सेंट फ्रान्सिसच्या नावाचे मिशनरी विशाखापट्टणमला पोचले होते. नागपूर-कामठीचं मिशन त्यांनीच उभं केलं आणि १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला. माझा संघ वेगळा, पण आम्ही सगळ्या त्याच उघडलेल्या दारातून बाहेर आलेल्या. आमचं घर बंद राहण्यासाठी नव्हतंच कधी. बंद दाराची सवय आम्हाला शेजाऱ्यांइतकीच नवी होती.

५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार होता. झावळ्या नव्हत्या, मिस्सा मोबाइलवर. रात्री नऊला सगळ्या सदरने दिवे लावले, आम्हीही गच्चीवर मेणबत्त्या लावल्या. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी त्या वर्षी वगळायचा, असा आदेश व्हॅटिकनहून आला होता. या सगळ्यात खरा पेच मात्र आमच्या जेवणाच्या टेबलावर होता. घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षावाले, ठेल्यावाले यांची कमाई थांबली होती. शाळेच्या फाटकाशी रोज कुणीतरी येऊन उभं राहत होतं. बाहेर जायला हवं, हे दिसत होतं. पण घरात तिघी सत्तरीच्या पुढच्या. एकीला मधुमेह, एकीला दमा. बाहेर गेलेली जे घेऊन येणार, ते त्यांच्या खोलीपर्यंत पोचणार.

सुपीरियर सिस्टरने सगळ्यांना बसवलं आणि एकेकीला बोलायला लावलं. झारखंडच्या तिघी तरुण, त्या उसळून म्हणाल्या, आत्ता नाही जायचं तर कधी? चौऱ्याऐंशी वर्षांच्या थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "आमच्या नावावर घरात बसू नका. ते ओझं आम्हाला पेलायचं नाही." सगळ्यांना बरं वाटलं. असं बोललं की प्रश्न मिटतो. पण त्यांच्या शेजारी मधुमेहवाल्या सिस्टर होत्या, गोव्याच्या. त्या म्हणाल्या, "मला भीती वाटते. मरणाची नाही म्हणत. श्वास कोंडण्याची."

कोणी काही बोललं नाही. आमच्या जीवनात असं वाक्य टेबलावर येत नाही. भीती वाटली तर चॅपलमध्ये जायचं, देवाला सांगायचं, बाहेर हसत यायचं. सुपीरियर सिस्टरने मात्र ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "अजून कोणाला?" मग हळूहळू एकेक हात वर झाला. उसळणाऱ्या तिघींपैकी एकीचाही. तिची आई गावी एकटी होती.

त्या वहीवरून घराची वाटणी झाली. वरचा मजला ज्येष्ठांचा. खालचा मजला बाहेर जाणाऱ्यांचा, त्यांचं येणं-जाणं मागच्या दाराने. मोरीत साबण, बादली, कपडे उकळायचं पातेलं. जेवणाचं ताट जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवायचं, खालून हाक मारायची आणि मग वरून कोणीतरी उतरायचं. जिच्या गावी आई होती तिला बाहेर पाठवायचं नाही असं ठरलं, ती शिवणाला बसली. गोव्याच्या सिस्टरने स्वतःहून फोन मागितला. "मी बाहेर येणार नाही, पण बोलू शकते."

शिवणवर्गातली दोन यंत्रं मास्क शिवायला दिवसभर चालली. इलॅस्टिक बाजारात मिळेना, तेव्हा जुन्या साड्यांच्या काठाच्या नाड्या केल्या. पिशव्या भरायचं काम रिकाम्या वर्गात. तांदूळ, तूर डाळ, तेल, मीठ, हळद, तिखट, अंगाचा साबण. पहिल्या खेपेला आम्ही चहापत्ती-साखर धरली नव्हती. गड्डीगोदामची एक बाई पिशवी उघडून बघत म्हणाली, "सिस्टर, सगळं दिलं जी तुम्ही. पण सकाळी लेकरं उठून काय पिऊन राहिले, इचारा ना." दुसऱ्या खेपेपासून चहा-साखर आली. रेशनकार्ड असलेल्यांना सरकारी धान्य मिळत होतं. अडचण होती ती ज्यांचं कार्ड गावी राहिलं होतं त्यांची. म्हणून आम्ही यादी तिथूनच सुरू केली.

मे महिन्यात रस्ते माणसांनी भरले. नागपूर देशाच्या मधोमध. हैदराबादहून, मुंबईहून निघालेले मजूर इथूनच मध्य प्रदेशाकडे, उत्तर प्रदेशाकडे, छत्तीसगडकडे चालले होते. नागपूरचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या आसपास. गावभरच्या संस्था, गुरुद्वारे, तरुणांची मंडळं रस्त्यावर उतरली होती. आम्ही पॅरिशच्या लोकांबरोबर जात होतो. पुरी-भाजी, ताक, गूळ-चणे वाटत होतो. लोक खात होते, पण खाताना पाय उचलून धरत होते. चपला झिजून टाचेखाली भोकं पडलेली, काहींनी प्लास्टिकची बाटली चेपून सुतळीने तळव्याला बांधलेली. सदरमधल्या एका दुकानदाराने पोलिसांची परवानगी काढून अर्धं शटर उघडलं आणि खरेदीच्या भावात रबरी चपला दिल्या. पण मापं? कोणालाच आपलं माप सांगता येईना. मग आमच्या झारखंडच्या सिस्टरने गुंड्यातला दोरा काढला, रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली आणि एकेकाच्या पायाला दोरा लावून गाठ मारू लागली. एक गाठ म्हणजे सहा नंबर, दोन म्हणजे सात, तीन म्हणजे आठ. पलामूचा एक पोरगा तिची बोली ऐकून चमकला. दोघं त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलली. काय बोललीस, असं मी नंतर विचारलं. "पाऊस कधी पडतो गावी, तेच," ती म्हणाली.

वर्तमानपत्रांनी अशा सगळ्यांना 'कोरोना योद्धे' म्हटलं. फोटोही आले. फोटोत रस्त्यावरच्या होत्या. जिन्याच्या पायरीवरून ताट उचलणाऱ्या नव्हत्या.

गोव्याच्या सिस्टरच्या फोनचं आम्ही फारसं मनावर घेतलं नव्हतं. त्या सकाळी नऊला रजिस्टर उघडून बसायच्या. पॅरिशमधली एकटी माणसं, निवृत्त शिक्षिका, शाळेतल्या मावश्या, जुन्या विद्यार्थिनींच्या आया. नावापुढे बारीक अक्षरात टिपणं: "साखर. मुलगा पुण्यात." "बीपीची गोळी संपत आली." "झोप नाही, टीव्ही बंद करायला सांगितलं." त्या टिपणांवरून खालच्या मजल्यावरून औषधं जायची. त्यांचं मराठी कोकणी वळणाचं, हिंदी त्याहून अवघड. पण लोक त्यांच्याशी तास-तासभर बोलत. कसे, ते मला तेव्हा उमगलं नाही.

२०२१ चा मार्च आला. ज्येष्ठांना लसीचा पहिला डोस मिळाला आणि आम्हाला वाटलं, निभावलं. १५ मार्चपासून शहरात पुन्हा आठवडाभर कडक टाळेबंदी झाली. एप्रिलमध्ये नागपुरात खाट मिळेना, ऑक्सिजन मिळेना, रेमडेसिविरसाठी लोक रात्ररात्र दुकानांबाहेर उभे. ४ एप्रिलचा पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, सण कसाबसा झाला आणि आमच्या घरात ताप शिरला. आधी वरच्या मजल्यावर, मग खाली. पाच जणी आजारी.

त्या रात्री सुपीरियर सिस्टरने जिन्यात उभं राहून एकच नियम सांगितला: कोणामुळे आला, हे या घरात कोणी विचारायचं नाही. आज ना उद्या कोणाच्या तरी तोंडून तो प्रश्न निघालाच असता. बाहेर जाणाऱ्या आम्ही तो मनातल्या मनात रोज विचारत होतो. तो उच्चारायची बंदी झाल्यामुळे आम्ही एकमेकींच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो. एका घरात आयुष्य काढायचं असेल तर सगळं बोललंच पाहिजे असं नाही. भीती बोलायची होती, दोष बोलायचा नव्हता. हा फरक मला त्या वर्षाने शिकवला.

रमजान सुरू झाला होता. मागच्या गल्लीतल्या कुटुंबाला आमच्या फाटकावरची महापालिकेची सूचना दिसली. संध्याकाळी फाटकाला स्टीलचा डबा लटकलेला, यखनी आणि मऊ खिचडी. दिवसभर पाण्याचा थेंब न घेता त्या घरची भाभी आमच्यासाठी चूल पेटवत होती. आम्हाला देण्याची सवय होती, घेण्याची नव्हती. थोरल्या सिस्टरने फोन करून नको म्हणून सांगितलं, तर पलीकडून उत्तर आलं, "सिस्टरजी, पिछले साल हमारे घर थैली आई थी, तब हमने मना किया था क्या?"

गोव्याच्या सिस्टरचा ऑक्सिजन उतरू लागला. शाळेची एक जुनी विद्यार्थिनी नर्स आहे, तिने रात्रभर फोन फिरवून पहाटे खाट मिळवली. चौथ्या दिवशी त्या गेल्या. ज्या गोष्टीची भीती त्यांनी टेबलावर ठेवली होती, तशाच गेल्या. जरीपटक्याच्या दफनभूमीत मोजकी माणसं, निळ्या-पांढऱ्या किटमध्ये. फादरांनी दुरून प्रार्थना म्हटली. त्या दोन वर्षांत देशभरात शेकडो धर्मगुरू आणि सिस्टर्स गेल्या, त्यांतल्या त्या एक. एवढं लिहिलं की सगळं सांगून झाल्यासारखं वाटतं, पण तसं नाही. आम्ही बाहेर गेलो नसतो तर त्या असत्या का? मला ठाऊक नाही, आणि नियम अजूनही लागू आहे.

मी बरी झाल्यावर रजिस्टर माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी मोहननगरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "तुमच्या सिस्टरांना मी म्हणाले, भीती वाटते हो. तर म्हणाल्या, मलाही वाटते, चला दोघी मिळून घाबरू. मग हसलो आम्ही. आमच्या लेकीसुद्धा म्हणतात, आई, घाबरू नको. मिळून घाबरू, असं कोणी म्हणत नाही." पुढच्या बऱ्याच घरांत थोड्याफार फरकाने हेच ऐकलं. धीर देणारे त्या दिवसांत पुष्कळ होते. घाबरलेल्या माणसाला घाबरलेला जोडीदार फक्त त्यांनी दिला, आणि त्यासाठी त्यांना फाटकाबाहेर पाऊल टाकावं लागलं नाही.

आमच्या घरच्या ड्यूटीच्या तक्त्यावर आता स्वयंपाक, बाग, चॅपल यांच्याखाली 'फोन' असा रकाना कायमचा आहे. साथ पुन्हा येईल, असं डॉक्टर सांगतात. तेव्हा मास्क किती, तांदूळ किती, हे हिशोब सगळे करतीलच. मला विचारलं तर मी म्हणेन, पहिल्या दिवशी सगळ्यांना एका टेबलाशी बसवा आणि कोणाला कशाची भीती वाटते ते आधी बोलू द्या. मग त्यावरून कामं वाटा. जी सर्वांत घाबरलेली असेल तिला सांभाळून बाजूला बसवू नका. तिलाही काम द्या.