चेन बंदच होती

चेन बंदच होती. मी ती आतून लावली होती, टोकापर्यंत दोनदा हात फिरवून पाहिला होता, आणि हे मी आजही कुणासमोरही सांगायला तयार आहे.

गुहागरची गोष्ट. कोजागिरीला आम्ही पुण्याहून बाराजण गेलो होतो. ओळखीच्या काकांची नारळी-पोफळीची वाडी, तिच्या कडेला आंबा-फणसाची जुनी झाडं. तंबू न लावता झाडांना हॅमॉक बांधून झोपायचं, हे आधीच ठरलं होतं. कोकणात पाचोळ्यात फुरसं असायची भीती; जमिनीपासून दोन हात वर झोपलेलं बरं, हे मला पटलंही होतं. म्हणून मी वरून मच्छरदाणी शिवलेला हॅमॉक मुद्दाम विकत घेतला. “एक डास आत येणार नाही,” असं दुकानदार म्हणाला होता.

दूध पिऊन, गाणी म्हणून साडेबाराला आडवी झाले. जाळीतून चांदणं इतकं स्वच्छ येत होतं की डोळे मिटवेनात. पोफळींच्या पाटांत पाणी होतं, त्यामुळे बाहेर डासांचा नुसता घोंघाट. पण तो बाहेर, मी आत. झोप लागली. तासाभराने जाग आली ती पाठ पेटल्यासारखी होऊन. टॉर्च लावून जाळीचा कोपरान् कोपरा पाहिला. डास नाही. पुन्हा पडले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उठले तेव्हा अक्षरशः रडू आलं. उरलेली रात्र काकांच्या ओटीवर बसून काढली.

सकाळी मैत्रिणीने पाठीवरच्या गांधी मोजायला घेतल्या आणि चाळिसानंतर मोजणं सोडून दिलं. खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत सगळीकडे. चेहऱ्यावर, गळ्यावर, हातांवर मात्र एकही नाही.

आमच्या लीडरने जवळ न येताच निकाल दिला, “ताई, चेन उघडी राहिली असेल.” नाही म्हटलं. “रात्री उठला असाल, लक्षात राहत नाही.” पाठ पेटेपर्यंत मी उठले नव्हते. मी विचारलं, डास आत आले असते तर उघडा चेहरा सोडून पाठीखाली कशाला शिरले असते? त्यावर कुणी उत्तर दिलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पोह्यांकडे वळले. पुढे दिवसभर, समुद्रावर, जेवताना, कुणी ना कुणी “चेन नीट लावत जा हो” असं आपुलकीने सांगत होतं. मला ती आपुलकी टोचत होती. पन्नाशीच्या बाईला विसरभोळी ठरवायला कुणाला पुरावा लागत नाही. तरुण मुलगा असता तर निदान हॅमॉक तरी कुणी उलटा करून पाहिला असता.

दुपारी वाडीवरच्या काकू पाठीला लावायला आमसुलाचं पाणी घेऊन आल्या. पाठ पाहून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “अंगाखाली काय घातलं होतंत?” काहीच नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “मग चावणारच. पोराला झोळीत निजवताना दुपटं घालतो ना आपण? ते का उगाच?”

मी दोन मुलं साडीच्या झोळीत वाढवली. दरवेळी खाली दुपटं घातलं. ओल होऊ नये म्हणून घालतो, इतकंच मला ठाऊक होतं.

हॅमॉकच्या एकपदरी पातळ नायलॉनवर आपण झोपलो की ते ताणून पाठीला चिकटतं. त्या कापडाची जाडी डासाच्या सोंडेपुढे काहीच नाही. तिला जाळी फाडून आत यावं लागत नाही. खालून कापडावर बसायचं आणि सोंड घालायची. (तिला म्हणते, कारण रक्त पिते ती मादीच.) वरची जाळी कामाची ठरते, कारण ती आणि आपलं अंग यांच्यात अंतर असतं. जाळीलाही कोपर टेकवून झोपलात तर तिथे चावणारच. तळाला अंतर नाही आणि दुसरा पदरही नाही.

त्या रात्री काकूंची गोधडी दुहेरी करून घातली आणि सहापर्यंत गाढ झोपले. घरी येताना मात्र हॅमॉक माळ्यावर टाकायचा, पुन्हा हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. आता दर सहलीला तोच नेते. घेणाऱ्यांनी तळ दुपदरी आहे का ते बोटांच्या चिमटीत धरून पाहावं. नाहीतर सगळा हॅमॉक पिशवीसारखा आत घेणारी, दोन्ही टोकांना नाडीने आवळायची सुटी मच्छरदाणी मिळते ती घ्यावी आणि ती खालीही सैल लोंबू द्यावी. दुपारच्या डुलकीलाही ती लावा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

लीडरवर आता माझा राग नाही, असं मी मैत्रिणीला सांगितलं होतं. गेल्या महिन्यात नव्या सहलीच्या सामानाची यादी त्याने पाठवली. त्यात एक ओळ नवी होती : हॅमॉकमध्ये अंगाखाली घालायला जाड चादर किंवा गोधडी. मी ती ओळ तीनदा वाचली.

चेनबद्दल तो अजून काही बोललेला नाही.