घोड्याचं औषध

चि. निखिल,

काल फोनवर केवढ्या आनंदानं सांगितलंस, "आत्या, राणीच्या हार्टवर्मचा खर्च मिटला, घोड्याच्या आयव्हरमेक्टिनची ट्यूब आणली." रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही रे माझा. ती ट्यूब आधी बाळाच्या हाताला लागणार नाही अशी ठेव, मग पुढचं वाच.

ती १,२५० पौंडांच्या घोड्यासाठी असते. राणी एवढीशी कुत्री, वजन २० किलो, तिला महिन्याला लागतं किलोमागे ६ मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ट्यूबमध्ये तिचे नऊशेच्या वर डोस! पाव ग्रॅम पेस्ट बोटावर आली तरी जवळजवळ चाळीसपट. आणि तिचे ते अर्धे दुमडलेले कान कोली जातीचे आहेत, असं तूच म्हणाला होतास ना? कोलीच्या जनुकांत बऱ्याचदा असा दोष असतो की जादा झालेलं हे औषध थेट मेंदूत जातं.

आबांच्या दवाखान्यातल्या मिक्श्चरच्या बाटल्या आठव. बाटलीला कातरलेल्या कागदाची पट्टी, एका खाचेला एक डोस. पैसे नसलेल्याला आबा औषध फुकट देत, पण पट्टी चिकटवल्याशिवाय बाटली हातात देत नसत. हल्ली सगळं अंदाजे चाललंय. पोरांच्या तापाचं औषधसुद्धा घरातल्या चमच्यानं देतात! मला हे बघवत नाही.

पैसे वाचवायचेत ना? मग जेनेरिक गोळी घे, औषध तेच. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन चार दुकानांत भाव विचार. शेल्टरवाल्यांची स्वस्त क्लिनिकं असतात, तिथे जा. लाड कमी कर, ती महागडी बिस्किटं बंद कर. फक्त गोळीआधी रक्ताची तपासणी हवीच, कारण हृदयातले मोठे जंत या गोळीनं मरत नाहीत. डास चावल्यापासून जंत तपासणीत दिसायला सहा महिने तरी लागतात, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा तपास.

"थंडीत कुठले डास" असं मनातही आणू नकोस, ह्यूस्टन आहे ते. आम्हीही तसंच म्हणालो होतो. आमच्या शेरूचं काय झालं ते पुन्हा लिहीत नाही. कमरेत ती आर्सेनिकची इंजेक्शनं, मग कित्येक आठवडे पिंजरा. धावला तर मेलेले जंत फुप्फुसात अडकतील म्हणून दार उघडायचं नाही, आणि तो जाळीला नाक लावून काकांकडे बघत बसायचा.

सोमवारीच तपासणीची वेळ घे. पहिल्या वर्षाच्या गोळ्यांचे पैसे मी पाठवते, नाही म्हणू नकोस. आणि राणीला ती पेस्ट चाटवली असशील तर पत्र खाली ठेव, आत्ता डॉक्टरांना फोन कर.

तुझी,
आत्या