माइल्सची टेप, मसेरोचं पातं

‘बिचेस ब्रू’नं जॅझ-फ्यूजनला वाट करून दिली, हे सगळेच मानतात. त्याचं श्रेय माइल्स डेव्हिसच्या ट्रम्पेटला, इलेक्ट्रिक पियानोंना, जॉन मॅकलॉफलिनच्या गिटारला मिळतं आणि ते रास्तच आहे. पण मी ध्वनिसंकलक. हा अल्बम निम्मा संकलनाच्या टेबलावर घडला, असं माझं ठाम मत आहे.

न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या स्टुडिओत 19 ते 21 ऑगस्ट 1969 असे तीन दिवस ध्वनिमुद्रण झालं. माइल्सनं वादकांना पुऱ्या बांधलेल्या रचना दिल्या नाहीत. एखादी सुरावट, बासची ओळ, लयीचा अंदाज एवढंच सांगायचं आणि वाजवायला लावायचं. दोन ड्रमर, दोन बास, बेनी मॉपिनचा खर्जातला बास क्लॅरिनेट. निर्माता टीओ मसेरोला माइल्सची ताकीद होती, टेप चालू ठेव.

मसेरो ज्युलिअर्डमध्ये शिकलेला संगीतकार, शिवाय सॅक्सोफोनवादक. म्हणूनच त्याच्या हातातलं पातं नुसती काटछाट करत नाही. जो झाविनुलची ‘फेरोज डान्स’ ही 20 मिनिटांची रचना घ्या. तिचा सुरुवातीचा भाग मसेरोनं पुढे पुन्हा जोडला. नवव्या मिनिटाच्या सुमारास जेमतेम सेकंदभराचा एक तुकडा लागोपाठ पाच वेळा येतो. आज हे दोन कळा दाबून होतं. तेव्हा टेप बहुधा सेकंदाला 15 इंच धावायची. म्हणजे दीड वितीपेक्षा थोड्या लांब पट्टीच्या प्रती काढायच्या, प्रत्येक टोक खाचेत धरून तिरकं कापायचं आणि चिकटपट्टीनं सांधायचं. तिरकं अशासाठी, की एक आवाज मावळता मावळता दुसरा उगवावा, मध्ये खट्ट होऊ नये. आणि मूळ धून? ती ट्रम्पेटवर उघडपणे येते सोळा मिनिटं उलटून गेल्यावर! तोवर कान नुसते तिच्या अवतीभवती फिरत राहतात. हा धीर मला थक्क करतो.

आपल्याकडे मैफलीच्या टेपला पातं लागतं ते खोकला काढायला, लांबण आटोपायला. त्यामुळे जोडकाम म्हणजे लबाडी, असं अनेक जाणकारांना वाटतं. मला ते मुळीच पटत नाही. वादकांनी उत्स्फूर्त वाजवलेला स्वर न् स्वर तिथे खराच आहे. कुठला कुणानंतर यावा, एवढं मसेरोनं ठरवलं, आणि तेही संगीतकाराचंच काम आहे. खुद्द झाविनुलनं पुढे सांगितलं होतं, की कंपनीच्या कचेरीत हे वाजत असताना आपण ओळखलंच नाही, काय वाजतंय म्हणून चौकशी केली.

1998 साली या सत्रांचा संच निघाला, तेव्हा मूळ आठ ट्रॅकच्या टेपवरून नवं मिश्रण झालं. त्यासाठी मसेरोचे जोड हुडकून ते पुन्हा जागच्या जागी घालावे लागले. नवं मिश्रण जास्त स्वच्छ आहे. मी मात्र विद्यार्थ्यांना 1970ची जुनी रेकॉर्डच ऐकवतो, कारण तिथे मसेरोचे सांधे त्याच्या हातचेच आहेत.