मिठाला पाणी सुटलं की

सिगार कसा जपावा यावरची पुस्तकं बहुतेक थंड देशांत लिहिली गेली आहेत. तिथं हिवाळ्यात घर तापवतात, खोलीतली हवा सुकते आणि सिगार कडकडीत होऊन तडकतो. म्हणून त्या पुस्तकांचा सगळा जोर डब्याला पाणी पाजण्यावर. स्पंज भिजवा, पेटी आतून ओल्या फडक्यानं पुसा, वगैरे. कोलकात्यात आषाढात हे करून बघावं. थोड्याच दिवसांत सिगारवर बुरशी धरते. या शहरात वर्षातले निदान चार-पाच महिने सिगारला पाण्यापासून वाचवावं लागतं.

मी मूळचा निपाणीचा. नोकरी तंबाखूच्या पानाची पारख करण्याची आणि मुक्काम दक्षिण कोलकात्यात. निपाणीचा माल बिडीचा. पान उन्हात वाळवायचं, चुरायचं, पोत्यांत भरून वखारीत रचायचं. वखारीतले जुने लोक पोत्यात हात घालून मूठ आवळत आणि उघडत. चुरा चटकन सुटला की माल कोरडा, बोटांना धरून राहिला की ओल जास्त. सिगारचं पान वेगळ्या रीतीनं तयार होतं, सावलीत वाळतं, मग ढिगाऱ्यात स्वतःच्याच उष्णतेनं आंबतं. पण हाताखालचा प्रश्न तोच, पानात पाणी किती?

तंबाखूचं पान हवेतली ओल घेतं आणि हवा कोरडी झाली की परत देतं. सिगारला मानवते ती ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता. इथं पावसाळ्यात ती ८० च्या वर मुक्काम ठोकते, सकाळी सकाळी ९० ओलांडते. फाल्गुनातल्या दुपारी मात्र हीच हवा ५० च्या खाली उतरू शकते. आर्द्रतामापक नसला तरी स्वयंपाकघरात एक असतोच. मीठ. शुद्ध मीठ ७५ टक्क्यांपर्यंत कोरडं राहतं, त्यापुढं हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. खडे मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्यानं ते जरा आधीच ओलावतं. तेव्हा मिठाला पाणी सुटलं की समजावं, आता डबा उघडा टाकायचा नाही.

याच गुणावर मापकाची परीक्षा घेता येते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. ते झाकण आणि मापक एका घट्ट पिशवीत रात्रभर ठेवायचे. सकाळी काटा ७५ वर हवा. ७९ दाखवत असेल तर तो चार टक्के जास्त बोलतो हे ध्यानात ठेवून वापरावा. तापमान चढलं-उतरलं तरी मिठाचा हा आकडा फारसा हलत नाही, त्यामुळे आपल्या हवेला ही परीक्षा उत्तम. बाजारात मिळणारे महागडे मापक मी याच परीक्षेत नापास होताना पाहिले आहेत.

पेटीबद्दल माझं मत अनेकांना रुचत नाही. लाकडी, पितळी कड्यांची पेटी दिसायला देखणी, पण बंगालच्या पावसात लाकूड फुगतं, माघात आकसतं आणि झाकण वर्षातून दोनदा स्वभाव बदलतं. घट्ट रबरी कड असलेला साधा प्लास्टिकचा डबा तिच्याहून भरवशाचा. लाकूड हवंच असेल तर आत पट्ट्या घालाव्यात. क्युबातल्या पेट्या ज्या सेद्रेला झाडाच्या, ते आपल्या कडुलिंबाच्या कुळातलं. आणि त्याचा जवळचा नातलग तून उत्तर बंगालच्या पायथ्याच्या जंगलात वाढतो. तुनाचे चहाचे खोके होत, सिगारच्या पेट्याही होत. मिस्त्रीकडून तुनाच्या पातळ फळ्या रंधून घ्याव्यात, पॉलिश अजिबात नको. सोबत ६५ टक्क्यांची क्षाराची पुडी टाकावी. ती जास्त झालेलं पाणी शोषते आणि कमी पडलं तर सोडते. नुसते सिलिका जेलचे दाणे टाकू नयेत, ते थांबायचं कुठं हे जाणत नाहीत. कॅमेऱ्याच्या भिंगांचं कोरडं कपाटही नको, ते ४०-४५ वर चालतं.

एसीच्या खोलीत उघडी पेटी ठेवणं सर्वांत वाईट. रात्री ५५, दिवसा एसी बंद झाला की ८५. आतला भरणा फुगतो, वरचं पान तेवढं ताणलं जात नाही आणि टोकाकडून उकलतं. हे वरचं पान पातळ, लवचीक, शिरा बारीक असलेलं लागतं आणि त्याला दमट हवाच मानवते. म्हणून तर सिगारच्या वेष्टनाच्या पानाची लागवड कूचबिहारकडे झाली. राजमुंद्रीच्या केंद्रीय तंबाखू संशोधन संस्थेचं वेष्टन आणि हुक्क्याच्या तंबाखूचं केंद्र १९५२ साली तिथल्याच दिनहाट्याला निघालं ते याच कारणानं. शेजारच्या रंगपूरचं पान एके काळी ब्रह्मदेशात चिरुटांसाठी जाई. जी हवा शेतात पानाला घडवते, तीच डब्यात त्याचा घात करते.

मग किडा. लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी नावाचा तांबूस, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा भुंगेरा. वेष्टनावर टाचणीनं टोचल्यासारखं गोल भोक दिसलं की तो आत राहून गेला. उष्ण हवेत याची अंडी उबतात, आणि कोलकात्यात उष्णतेला तोटा नाही. हाच किडा हळदीत, धन्यात, लाल मिरचीतही होतो, म्हणून सिगारचा डबा मसाल्याच्या फडताळाजवळ ठेवू नये. नवा माल आला की दुहेरी पिशवीत बांधून आधी एक दिवस फ्रीजमध्ये, मग काही दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रीजमध्ये. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. श्रावणात इथला दवबिंदू २५-२६ अंशांवर असतो. थंड सिगारवर त्या हवेचं पाणी तत्काळ धरतं.

मुरवण्याचं फार स्तोम माजलं आहे. ताज्या सिगारला अमोनियाचा वास असतो, तो काही महिन्यांत उडतो आणि धूर गुळगुळीत होतो, एवढं खरं. जहाल पान वर्षं काढतं. सौम्य पान मात्र ठेवून ठेवून फिकं पडतं. सेलोफेनचं वेष्टन ठेवावं की काढावं यावर लोक भांडतात. मी ठेवतो. त्यातून वाफ हळूहळू जाते-येते, आणि ते पिवळं, मग मधाच्या रंगाचं होत गेलं की वयाचा अंदाज येतो.

२ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली, तसे क्लबातले सिगारवाले घरोघर आले. आमच्या घरी फक्त गच्चीची परवानगी आहे, आणि ती रास्त आहे. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका आहेच. न ओढणाऱ्यानं या लेखामुळे सुरुवात करू नये.

ओढायचाच तर पौषात. पावसाळ्यात डब्यातून काढलेला सिगार बाहेरच्या हवेत फार वेळ राहिला की एका बाजूनं जळतो, विझतो, कडवट होतो. दिंडिगुलचा चिरूट दोन्हीकडून मोकळा, त्याला कापायला नको. टोपीचा सिगार टोपीच्या खांद्याच्या वरच कापावा, नाहीतर वेष्टन सुटतं. काडीचं गंधक जळून जाऊ द्यावं, मग ज्योत लांबून दाखवावी. मिनिटाला एखादा झुरका पुरे. अर्धा विझवून ठेवलेला तुकडा सकाळी पुन्हा पेटवणारे माझे काही मित्र आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण तो तुकडा माझ्या डब्यात ठेवू देत नाही.