पाळ, सांडवा आणि गळती

मामा (माजी मालगुजारी) तलावाचा सांडवा वाहणे आणि पाळ फुटणे यांतला फरक भंडाऱ्यात कोणाला सांगावा लागत नाही. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत आतला दाब उतरावा म्हणून आम्ही डोळ्याला सांडवाच काढून देतो. केर्न्स यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या ट्रॅबेक्युलेक्टॉमीत आतले पाणी एका झाकणाखालून निघते आणि वरच्या पापणीआड, बुबुळाच्या कडेला फुगवटा धरून जिरते. वाट बुजू नये म्हणून मायटोमायसिन हे औषध लावतात. पण त्यानेच कधी काही वर्षांनी फुगवटा पांढराफटक, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ होतो आणि झिरपू लागतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांतली बारीक गळती बरेचदा औषधाने मिटते. ही उशिराची गळती मात्र, डोळा दुखत नसला तरी, बंद केलीच पाहिजे. चिखलात रोवणी करणाऱ्यांची तर सर्वांत आधी.

फ्लुरोसिन या रंगाची ओली पट्टी फुगवट्यावर टेकवून निळ्या प्रकाशात पाहिले की, गळती असल्यास, नारिंगी थरातून एक हिरवी धार हळूच खाली उतरते. पाणी ज्या वाटेने येते त्याच वाटेने जंतू आत जातात, आणि आतला संसर्ग दोन-तीन दिवसांत नजर नेऊ शकतो. यावर काही जण म्हणतात, दाब कमी आहे ना, मग नस वाचते आहे. अमेरिकेतल्या एजीआयएस या काचबिंदूच्या अभ्यासात प्रत्येक तपासणीला १८ मिमी पाऱ्याच्या खाली दाब राहिलेल्यांचे दृष्टिक्षेत्र सरासरीने टिकले, हे खरेच. पण गळतीमुळे दाब ४ वर आला तर मागच्या पडद्याला सुरकुत्या पडून दिसणेच बिघडू शकते. दुरुस्तीनंतर दाब चढतो, हा आक्षेप मात्र मी मान्य करतो. दाबाचे थेंब पुन्हा सुरू होतात, क्वचित नळी बसवावी लागते. तरीही चढलेला दाब उतरवता येतो, संसर्गाने गेलेली नजर परत आणता येत नाही.

खरे कसब आहे ते शिवण्यात. भोकावर थेट टाका घालण्याचा मोह टाळावा, कारण त्या निर्जीव पापुद्र्यात सुईचे प्रत्येक छिद्र नवी गळती होते. तो भाग काढावा, त्यामागचा, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा निरोगी पापुद्रा सावकाश मोकळा करावा आणि बुबुळाच्या कडेपर्यंत ओढून १०-० नायलॉन धाग्याने बांधावा. ताण राहिला तर टाके आठवड्यात सुटतात. म्हणून मागे, पापणीखाली, आडवा काप देऊन ढील मिळवावी. घाई इथेच नडते.

लाखांदूर किंवा तुमसरहून नागपूर गाठायचे तर रोजी बुडते, हे कळते. तरी काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेला डोळा, कितीही वर्षांनी, लाल झाला, गळू लागला किंवा धूसर दिसू लागले तर रोवणी आटोपायची वाट पाहू नका; त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा.