बिननांवाचें घड्याळ

मनुष्यास वस्तूपेक्षां वस्तूवरील नांवाचें वेड अधिक असतें. पुस्तक हातीं आलें कीं आपण प्रथम ग्रंथकाराचें नांव पाहतों. चित्र दिसलें कीं कोपऱ्यांतील सही शोधतों. नांव मोठें असलें तर वस्तु आपोआप चांगली वाटूं लागते. आणि नांवच नसलें तर ती कितीहि चांगली असो, आपण तिला बाजूस सारतों. या खोडीचा विचार करण्याची पाळी एका जुन्या घड्याळामुळें आमच्या घरावर आली. त्या शोधाची हकीकत विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल, अशा समजुतीनें येथें देत आहों.

हें घड्याळ आमच्या पणजोबांचें. ते एका खेडेगांवच्या शाळेंत हेडमास्तर होते. त्यांच्या खर्चाच्या वहींत सन १९०४ च्या दिवाळीच्या सुमारास ‘मुंबईहून खिशाचें घड्याळ आणविलें’ एवढी एका ओळीची नोंद आहे. दुकानाचें नांव नाहीं. पुढें पुष्कळ वर्षें त्या शाळेची घंटा याच घड्याळावर वाजे. घड्याळ रुप्याचें, पांढऱ्या मिन्याच्या तबकडीचें, रोमन आंकड्यांचें. परंतु तबकडीवर, झांकणावर किंवा आंतल्या यंत्रावर करणाराचें नांव कोठेंहि नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत घराचें छप्पर गळूं लागलें व डागडुजीस पैसा हवा झाला, तेव्हां काकांनीं घड्याळ विकण्याचा विचार काढला. आत्यांचा समज असा कीं, तें जिनीव्हाच्या कोणा विख्यात कारागिराचें असून त्याची किंमत लाखाच्या घरांत असावी. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी घरीं येऊन पाहून गेला व त्यानें दोन किंमती सांगितल्या. आहे तसें दिलें तर अगदीं थोडी. परंतु ‘तबकडी आम्ही बदलून घेऊं, घड्याळ अमुक कारखान्याचें आहे असें तुम्ही घरचे लोक म्हणून लिहून द्या,’ असें केल्यास तिच्या पांचपट. कारखान्याचें नांव अर्थातच जगप्रसिद्ध होतें. काका कांहीं बोलले नाहींत. माजघरांत मांडलेल्या पातेल्यांत छपराचें पाणी टपटपत होतें, तें मात्र सर्वांसच ऐकूं येत होतें. आम्हीं एवढेंच म्हटलें कीं, लिहून देण्यापूर्वीं तें खरोखर कोणाचें आहे हें पाहूं द्या.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध घड्याळजी आहेत. त्यांनीं डोळ्यास भिंग लावून प्रथम पाठीमागचें झांकण उघडलें. आंत ०.९३५ हा आंकडा होता व त्याजवळ अस्वलांचे तीन ठसे, एक मोठा व दोन लहान. या अस्वलांची कथा मोठी बोधप्रद आहे. स्वित्झर्लंडनें सन १८८० मध्यें कायदा करून सोन्यारुप्याच्या घड्याळांच्या कवचांवर सरकारी ठसा मारण्याची पद्धति घातली. अठरा कॅरट सोन्यास हेल्व्हेशिया देवीचें मस्तक, चौदा कॅरट सोन्यास खार, ०.८७५ कसाच्या रुप्यास अस्वल व ०.८०० कसाच्या रुप्यास रानकोंबड्यासारखा एक पक्षी, अशा खुणा ठरल्या. सन १८८७ मध्यें ब्रिटननें मालावरील खुणांविषयीं नवा कायदा केला; तेव्हां ब्रिटिश रुप्याच्या ०.९२५ या कसाहून किंचित् वरचढ, म्हणजे ०.९३५ कसाचीं कवचें स्विस लोक करूं लागले आणि त्यांवर तीन अस्वलें उमटूं लागलीं. यावरून आमचें घड्याळ १८८७ च्या पूर्वींचें नव्हे, हें सिद्ध झालें. १ जून १९०७ पासून बाहेरून येणाऱ्या अशा घड्याळांवर ब्रिटनमधील कसोटीघराचा ठसा सक्तीचा झाला. तसा ठसा यावर नव्हता. पणजोबांच्या वहींतील १९०४ हें साल या सर्वांशीं नीट जुळलें.

परंतु अस्वल हें रुप्याच्या कसाची साक्ष देतें, करणाराची देत नाहीं. झांकणावरील अनुक्रमांकहि पुष्कळदां कवच करणाराचा असतो. यंत्र करणारा निराळाच. म्हणून घड्याळजींनीं आपलें लक्ष यंत्राकडे वळविलें. त्याचा व्यास सुमारें ४३ मिलिमीटर भरला. स्विस घड्याळजी यंत्राचें माप ‘लीन’ नांवाच्या जुन्या फ्रेंच परिमाणानें सांगतात. एक लीन म्हणजे सुमारें २.२६ मिलिमीटर. त्या हिशेबानें हें यंत्र १९ लीनांचें झालें. चक्रांच्या आंसांखालीं पंधरा माणकें बसविलेलीं होतीं. पोलाद माणकावर फिरलें म्हणजे घर्षण कमी होतें व झीज टळते, यासाठींच त्यांची योजना, शोभेसाठीं नव्हे. शेवटच्या चक्रास क्षणोक्षणीं अडवून सोडणारी रचना लिव्हर पद्धतीची होती. त्या काळच्या स्वस्त घड्याळांत सिलिंडर नांवाची साधी रचना असे; तिच्याहून ही पुष्कळ बरी. सारांश, काम मध्यम प्रतीचें परंतु निर्मळ होतें.

मग त्यांनीं हलक्या हातानें कांटे काढले, तबकडी उतरविली, आणि म्हणाले, “आतां याचा चेहरा पाहा.” चावी देण्याची बोंडी ओढली असतां कांटे फिरावे व दाबली असतां कमान गुंडाळली जावी, यासाठीं तबकडीखालीं एक तरफ व तिला धरून ठेवणारी एक पातळ पोलादी पट्टी असते. वरच्या पुलांचा आकार एकमेकांचें पाहून पुष्कळ कारखाने सारखाच करीत. परंतु या पट्टीचें वळण मात्र प्रत्येकाचें आपआपलें. सुट्या भागांच्या व्यापारासाठीं निघालेल्या सूचिपत्रांत अशा पट्ट्यांचीं शेंकडों चित्रें छापलेलीं असतात. चोर जसा बोटांच्या ठशांवरून सांपडतो, तसें यंत्र या पट्टीवरून सांपडतें. दोन संध्याकाळ आम्ही चित्रामागून चित्र ताडून पाहत होतों. तिसऱ्या दिवशीं एक चित्र वळणास वळण जुळलें. तें फोंतेनमेलों येथील कारखान्याचें होतें.

व्यापाऱ्यानें सुचविलेलें नांव तें हें नव्हे. नामांकित कारखाने आपल्या यंत्रांवर आपली खूण उमटवीत; साँतिमिये येथील लाँजीन कारखान्याची पंख असलेली वाळूची घटिका पुष्कळांनीं पाहिली असेल. त्या कारखान्यानें तर आपल्या जुन्या हस्तलिखित नोंदवह्याहि जपून ठेविल्या आहेत. आमच्या यंत्रावर अशी एकहि खूण नव्हती. 

मग फोंतेनमेलों हेंच करणाराचें नांव म्हणावें काय? तसेंहि म्हणतां येत नाहीं. न्यूशातेल प्रांतांतील त्या गांवीं सन १७९३ पासून घड्याळाचा केवळ सांगाडा, म्हणजे तळपट्टी, पूल व मुख्य चक्रें, तयार होत असे. पुढील काम दुसऱ्यांचें. ज्यूरा पर्वताच्या दऱ्यांत हिंवाळा दीर्घ असतो व बर्फ पुष्कळ पडतें; तेथील शेतकऱ्यांचीं घरेंच कारखाने बनलीं होतीं. खिडकीजवळच्या बांकावर बसून कोणी फक्त कांटे करी, कोणी माणकांस भोंकें पाडी, कोणी तबकडीवर मिना चढवी, कोणी केसासारखी कमान बसवून गति नियमित करी. स्त्रियांचे हातहि या कामांत होते. हे सर्व भाग एकत्र आणून घड्याळ पुरें करणारा व्यापारी शेवटीं असे. ला शो-द-फों हें सबंध गांवच एक घड्याळाचा कारखाना आहे, असें कार्ल मार्क्सनें १८६७ मधील आपल्या ग्रंथांत वर्णिलें आहे. उजेड सर्वांस मिळावा म्हणून रांगेनें आंखलेलीं त्या गांवचीं व शेजारच्या ल लोक्लचीं घरें २००९ मध्यें जागतिक वारशांत गणलीं गेलीं.

नांव न घालण्यासहि कारण होतें. ब्रिटनमधील दुकानदारांस तबकडीवर आपलें नांव हवें असे, परक्या कारागिराचें नको. मुंबईंत फाव्र-ल्यूबा व वेस्ट एंड या कंपन्यांच्या नांवाचीं स्विस घड्याळें विकत. परंतु नांवाविना येणारा मालहि थोडा नव्हता. ज्यास वेळ पाहिजे, त्यानें वेळ पाहावा. नांवाशीं त्याला काय करावयाचें, असाच तो हिशेब.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. झांकणाच्या आंतल्या बाजूस सुईनें कोरलेल्या बारीक खुणा होत्या. दुरुस्ती करणारे घड्याळजी आपल्या आठवणीसाठीं अशा खुणा करीत. त्यांपैकीं दोन इंग्रजी आंकड्यांत होत्या, आणि तिसरी स्वच्छ देवनागरींत: ‘१७-८-२१’. ज्यूराच्या बर्फांत जन्मलेलें तें यंत्र आमच्याच मुलुखांतील कोणा घड्याळजीनें पावसाळ्यांत पुनः चालूं केलें होतें. त्यानेंहि आपलें नांव लिहिलें नाहीं.

घरीं येऊन आम्हीं सर्व हकीकत काकांस सांगितली: कवच १८८७ नंतरचें, हें निश्चित, सांगाडा फोंतेनमेलोंचा, हें बहुतेक निश्चित, जोडणाराचें नांव घड्याळावर नाहीं, म्हणून तें आपण लिहूं नये. आत्या थोड्या खट्टू झाल्या. काका कांहीं वेळ घड्याळ कानाशीं धरून बसले. मग म्हणाले, “म्हणजे नांव एकहि नाहीं, हात मात्र पुष्कळ. आजोबा मुलांना खोट्या सहीबद्दल छडी मारीत. त्यांच्याच घड्याळावर मी खोटी सही करूं?” व्यापाऱ्यास त्यांनीं नकाराचा निरोप पाठविला. छपराचें काम पतपेढीच्या कर्जांतून झालें. त्याचा हप्ता अजून दरमहा द्यावा लागतो, व तो देतांना काका कुरकुरतातहि. सत्य फुकट मिळतें असा कोणाचा समज असल्यास त्यानें आमच्या काकांस विचारावें.

विद्यार्थिमित्रहो, ‘आहे’, ‘असावें’ आणि ‘सांगतां येत नाहीं’ हे तीन शब्दप्रयोग निरनिराळे आहेत. जेथें जो योग्य तेथें तोच वापरणें, हें प्रयोगशाळेंत जितकें अवश्य तितकेंच बाजारांत व घरांतहि. तुमच्या घरींहि एखादें बंद पडलेलें घड्याळ पेटींत असेल. तें सुरीनें उचकटूं नका. जाणत्या घड्याळजीकडे न्या, तो उघडील तेव्हां शेजारीं बसून पाहा, व ठसे, आंकडे, सुईच्या खुणा जशाच्या तशा वहींत उतरून घ्या. वडील मंडळी हयात आहेत तोंच तें कोणी, केव्हां व कशासाठीं घेतलें, हें विचारून ठेवा. ठसे शंभर वर्षें टिकतात. आठवणी तितक्या टिकत नाहींत.