पूर्ण एक मिनिट

निफाडचा पारा उतरू लागला की नाशिकच्या फॅमिली डॉक्टरांकडे खोकल्याची रांग लागते. सातपूर-अंबडचा कामगार पाळीवर जाण्याआधी दवाखाना गाठतो, द्राक्षबागेतली मजूर बाई कडेवर मूल घेऊन येते. मागणी ठरलेली: "डॉक्टर, सुई द्या, खाडा परवडत नाही." हा अडाणीपणा नव्हे. दिवस बुडाला की रोज बुडतो, म्हणून माणूस लवकर बरं करणारं काहीतरी मागतो. पुराव्यावर आधारलेल्या उपचारांची कसोटी लागते ती इथेच, या टेबलापाशी.

छाती स्वच्छ आहे, धाप नाही, असा नवा खोकला बहुतेक वेळा विषाणूंचा असतो. अँटिबायोटिकचा त्याला उपयोग नाही, हे डॉक्टरला ठाऊक असतं. रुग्णाला ठाऊक नसतं ते हे, की असा खोकला सरासरी अडीच आठवडे टिकतो. त्याची अपेक्षा आठवड्याची. म्हणून आठव्या दिवशी तो दुसऱ्या दवाखान्यात जातो, तिथे अँटिबायोटिक मिळतं, खोकला आपल्या वेळेने ओसरतो आणि श्रेय गोळीला जातं. पहिल्याच भेटीत ही मुदत सांगणं हाही उपचारच. मात्र अडीच आठवड्यांचा हा परदेशी अभ्यासातला आकडा इथे जसाच्या तसा उचलता येत नाही. आपल्याकडे दोन आठवडे उलटलेला खोकला क्षयासाठी तपासायचा असतो, आणि हेही त्याच भेटीत सांगावं लागतं.

लहान मुलाच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर, कारण तिथे न्यूमोनिया निसटला तर जीव जातो. त्याचं उत्तर महाराष्ट्रातूनच आलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातले आरोग्यसेवक आणि निरक्षर सुईणी यांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर उपचार करायला शिकवलं. मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी एका मिनिटाची वाळूची घडी आणि सरकवायचे मणी असलेलं साधं उपकरण केलं. 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात, जिथे हे काम झालं त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी 8.1 होते, तुलनेच्या गावांत 17.5. ना एक्स-रे, ना रक्ततपासणी.

जागतिक आरोग्य संघटनेचा निकषही श्वासांच्या वेगाचाच. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतलं 50, पाच वर्षांपर्यंतचं 40 किंवा जास्त श्वास घेत असेल, तर श्वास जलद. मूल शांत असावं, आणि पूर्ण एक मिनिट मोजावं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की चूक होते. भरलेल्या दवाखान्यात तो एक मिनिट काढणं, हेच या कामातलं कसब.

घसादुखीची गोष्टही अशीच. 1997 साली इंग्लंडमध्ये 716 रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींना लगेच अँटिबायोटिक दिलं, काहींना दिलं नाही, काहींना सांगितलं, "तीन दिवसांत उतार पडला नाही तर चिठ्ठी घेऊन जा." बरं होण्यात फारसा फरक पडला नाही. थांबायला सांगितलेल्यांपैकी 69 टक्के लोकांनी औषध घेतलंच नाही. ज्यांना लगेच मिळालं, त्यांचा मात्र गोळीवरचा विश्वास वाढला. एकेका चिठ्ठीतून पुढच्या मागण्या तयार होतात, हे यातून स्वच्छ दिसतं.

अनावश्यक औषध निदान निरुपद्रवी तरी असतं, ही समजूत 2025 मध्ये फार महागात पडली. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या दूषित औषधाने मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि त्यातली अनेक मुलं नागपूरच्या रुग्णालयांत दगावली. त्यानंतर केंद्राने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत, असं पुन्हा बजावलं.

राज्यभरच्या वैद्यकीय परीक्षा घेणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशिकमध्येच आहे. औषध नको हे रुग्णाला पटेल असं सांगता येणं, याला त्या परीक्षांत आणखी वजन मिळायला हवं. रुग्णांनीही एवढं करावं: डॉक्टरांनी तपासून, समजावून, गोळी न देता परत पाठवलं तरी फी आनंदाने द्यावी, आणि निघताना एकच प्रश्न जरूर विचारावा: कोणती लक्षणं दिसली तर लगेच परत यायचं?